देशांच्या हवामान-हिशेबात समुद्र कोणत्या रकान्यात?

खतावणी (धागालेखिका)

देशोदेशींचे हवामान अहवाल वाचणं, तपासणं आणि अधूनमधून भरून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. मागच्या खेपेची गोष्ट. एका बेटवजा देशाचे तक्ते समोर होते. जमीन चिमूटभर, समुद्र अफाट. ऊर्जा, उद्योग, शेती, जंगल, कचरा असं करत करत ‘पाणथळ जागा’ या तक्त्यातल्या किनारी ओळीवर आले आणि थबकले. आकडा नव्हता, दोन अक्षरं होती : एनओ.

ज्यांना या तक्त्यांची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. आकडा नसेल तेव्हा रकाना कोरा सोडता येत नाही, खुणेचं अक्षर लिहावं लागतं. एनओ म्हणजे ‘हे आमच्याकडे घडतच नाही’. एनई म्हणजे ‘घडतं, पण आम्ही मोजलेलं नाही’. आयई म्हणजे ‘दुसऱ्या रकान्यात धरलंय, तिकडे बघा’. दिसायला किरकोळ, पण एनओ आणि एनई यांच्यात ‘घरात चोरी झालीच नाही’ आणि ‘काय गेलं ते अजून बघितलं नाही’ एवढा फरक आहे.

आणि इथे उपग्रहाच्या छायाचित्रात समुद्री गवताचे गडद पट्टे ढळढळीत दिसत होते. त्या पट्ट्यांतून बंदरासाठी गाळ उपसून काढलेला सरळसोट मार्गही दिसत होता. मी एनओ खोडून एनई लिहिलं. दुसऱ्या दिवशी वरून निरोप : “एनई दिसलं की अहवाल अपुरा वाटतो. होतं तसं राहू द्या.” त्यावरून जी जुंपली तिचं पुढे काय झालं ते सवडीने सांगेन, आधी मूळ मुद्दा.

माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा समुद्र दरवर्षी गिळतो. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक त्याच्याच पोटात गेली आहे. १९९२ च्या हवामान करारात, कलम ४ मध्ये, शोषकांच्या यादीत समुद्राचं नाव आहे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकातही आहे. पण देश जो अहवाल देतात (आता त्याला द्वैवार्षिक पारदर्शकता अहवाल म्हणतात, लघुरूप बीटीआर, पहिल्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती) त्याच्या तक्त्यांत समुद्र शोधायला गेलं तर तो तळटिपांत, आयईमध्ये आणि एनईमध्ये विखुरलेला सापडतो. नमनाला समुद्र, हिशेबाला कोरड.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. समुद्राला कुणीही आपल्या खात्यात जमा म्हणून दाखवू नये. पण आपण त्याचं जे नुकसान करतो ती खर्चाची बाजू सुटता कामा नये, आणि मोजलं नसेल तर ‘मोजलं नाही’ असं लिहायची लाज वाटू नये.

---

ओहोटी

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. समुद्र पाव हिस्सा गिळतो, तर ज्या देशांकडे अफाट समुद्र आहे त्यांना त्याचं श्रेय का नको? जंगलवाल्या देशांना मिळतं ना?

---

शंकासुर

@ओहोटी, बरोब्बर. झाडांनी खाल्लेला कार्बन जमेला धरायचा आणि पाण्याने खाल्लेला सोडून द्यायचा, ही जमिनीवाल्यांनी जमिनीवाल्यांसाठी केलेली खतावणी आहे. (खतावणीताई, हलके घ्या.)

---

खतावणी

घेतलं हलकं. प्रश्न बाळबोध मुळीच नाही, वाटाघाटींतही तो फिरून फिरून येतो.

राष्ट्रीय सूचीत, म्हणजे देशाच्या उत्सर्जन-हिशेबात, फक्त माणसाच्या करणीने झालेलं उत्सर्जन आणि शोषण धरायचं असतं. जमिनीच्या बाबतीत ‘माणसाची करणी’ वेगळी काढणं अवघड, म्हणून आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल-तज्ज्ञ मंडळाच्या) पद्धतीत पळवाट अशी की ज्या जमिनीचं व्यवस्थापन माणूस करतो तिच्यावर जे होईल ते सगळं माणसाचं मानायचं. ही पळवाट ढिसाळ आहे, काही देश तिचा भरपूर फायदाही घेतात. शंकासुर, तुमचा एवढा मुद्दा मान्य. पण खुल्या समुद्राचं व्यवस्थापन कोण करतं? तो कार्बन घेतो कारण हवेत तो वाढलाय. तुम्ही आम्ही त्यासाठी काडीही हलवत नाही.

दुसरं, तापमानवाढ रोखायला आणखी किती कार्बन सोडता येईल याचं जे गणित आहे, त्यात समुद्र आपला वाटा उचलणारच हे आधीच धरलेलं असतं. तोच वाटा देशांनी पुन्हा आपापल्या खात्यात जमा केला तर एकच नोट दोनदा मोजल्यासारखं होईल.

आणि तिसरं, हे मला सगळ्यात आवडतं. समजा दिली वाटून, प्रत्येकाला आपापल्या २०० सागरी मैलांच्या हद्दीतल्या पाण्याची जमा. विषुववृत्ताजवळचा प्रशांत महासागर कार्बन घेत नाही, सोडतो. तिथे खोलवरचं थंड, कार्बनने भरलेलं पाणी वर येतं आणि वायू हवेत निघून जातो. निसर्गतः कार्बन सोडणारा जगातला सर्वांत मोठा सागरी पट्टा तोच. किरिबाटीचं पाणी नेमकं त्यात येतं. म्हणजे ज्यांचं स्वतःचं उत्सर्जन नगण्य, ज्यांची बेटं बुडायला आली आहेत, त्यांच्याच नावावर उधारी चढली असती. वर एल निन्योच्या वर्षी हे पाणी वर येणं मंदावतं, कार्बन कमी सुटतो. म्हणजे वादळवाऱ्याच्या, प्रवाळ मरायच्या वर्षी अहवालात त्यांची ‘प्रगती’ दिसली असती!

---

ओहोटी

हे डोक्यातच आलं नव्हतं. श्रेय मागणं मागे घेते.

---

शंकासुर

मी नाही घेत, पण विषुववृत्ताचा मुद्दा खिशात ठेवतो.

---

जुना_चीफ

बत्तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. तळटिपांचा विषय निघाला म्हणून लिहितो.

जहाज तेल भरतं तेव्हाचा देखावा सांगतो. तेल आणणारी बार्ज लागली की आधी तिच्या टाक्यांत मोजपट्टी सोडायची. पट्टीला मलम लावलेलं असतं, तेल कुठवर पोचलं ते रंगावरून कळतं. तापमान घ्यायचं, कारण गरम तेल फुगतं आणि विकणारा फुगलेलं मोजून द्यायला टपलेला असतो. नळी जोडली की मॅनिफोल्डपाशी नमुन्याची बाटली लावायची, पूर्ण भरणी होईपर्यंत थेंब थेंब गोळा होतो. शेवटी बाटल्या मोहोरबंद, आणि बंकर (म्हणजे जहाजाचं इंधन) डिलिव्हरी नोटवर दोघांच्या सह्या. ही नोट जहाजावर तीन वर्षं सांभाळायची, नमुना किमान बारा महिने. एवढा काटेकोर कागद मी किनाऱ्यावरच्या फारच कमी धंद्यांत पाहिला.

आता गंमत बघा. जहाजाने दिवसाला ३० टन जड तेल जाळलं, तर टनाला ३.११४ या गुणकाने ९३ टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. हा कुणाच्या खात्यात? पुढचं बंदर त्याच देशातलं असेल तर त्या देशाच्या बेरजेत. पुढचं बंदर परदेशी असेल तर देशाच्या बेरजेबाहेर, ‘आंतरराष्ट्रीय बंकर’ म्हणून तळाशी वेगळी नोंद. झेंडा कुणाचा, मालक कुठला, याला काही किंमत नाही. त्याच टाकीतलं तेल, त्याच सहीची नोट, फक्त कप्तानाच्या हातातला पुढच्या बंदराचा निरोप बदलला की कार्बनचं गाव बदलतं.

बत्तीस वर्षं माझ्या चिमणीतून निघालेला बहुतेक धूर या हिशेबाने कुठल्याच देशाचा नाही.

---

खतावणी

काका, हे सोनं आहे. एवढीच भर : १९९७ च्या क्योटो करारात हे काम आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे, म्हणजे आयएमओकडे सोपवलं. त्यांच्याच चौथ्या अभ्यासाप्रमाणे २०१८ साली सगळ्या जहाजवाहतुकीचं मिळून उत्सर्जन १०७.६ कोटी टन होतं, जगाच्या जवळपास २.९ टक्के. २०२३ मध्ये त्यांनी २०५० च्या आसपास निव्वळ शून्याचं धोरण ठरवलं. ते अमलात आणायची इंधन-मानकं आणि कार्बन-दराची चौकट एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झाली, आणि ऑक्टोबरमध्ये ती स्वीकारायच्या बैठकीत विषय वर्षभरासाठी पुढे ढकलला गेला.

---

जुना_चीफ

पुढे ढकलणं हे त्या संघटनेचं मुख्य इंजिन आहे, बाकी सगळं सहायक यंत्रसामग्री. पण आकडे आता आहेत हेही खरं. २०१९ पासून ५,००० टनी आणि त्यावरच्या प्रत्येक जहाजाला वर्षभर जाळलेल्या तेलाचा हिशेब द्यावा लागतो. युरोपने तर २०२४ पासून सरळ कार्बनबाजारात ओढलं. तिथे सुटलेल्या आणि बाहेर जाणाऱ्या फेरीचा अर्धा कार्बन ते स्वतःच्या हिशेबात धरतात. म्हणजे मनात आणलं तर गाव ठरवता येतं.

---

शंकासुर

सगळं वाचलं. पण कागदी घोडे कितीही सजवले तरी ते पाण्यात पोहत नाहीत. एनओचं एनई केल्याने समुद्राचं तापमान अर्ध्या अंशाने तरी उतरणार आहे का? तेवढ्या वेळात दोन रोपटी लावली असती तर बरं.

---

चिखलपाय

@शंकासुर, तुमच्या रोपट्यांवरूनच सुरू करतो. मी खारफुटीत आणि समुद्री गवतात गाळाचे नमुने काढतो. टोपणनाव उगाच नाही.

काम कसं चालतं ते सांगतो. ओहोटीची वेळ गाठायची, कारण हाताशी मोजून तीन-चार तास. मीटरभर लांब नळी गाळात उभी दाबायची. मुळं आडवी आली की नळी अडते, तेव्हा पिरगाळत न्यायची. नळी आत जाताना गाळ दबतो. बाहेरची पातळी आणि आतली पातळी यांत दहा सेंटिमीटरचा फरक पडला तर पुढचं सगळं गणित त्या प्रमाणात सुधारावं लागतं. ही नोंद विसरला की दिवस फुकट. नळी वर ओढली की कुजक्या अंड्याचा भपकारा येतो, आणि आम्हाला त्याचा आनंद होतो, कारण खाली प्राणवायू नाही, म्हणजे कार्बन शाबूत आहे. मग त्या गाळाचे तुकडे पाडायचे, वाळवायचे, जाळायचे. जळून गेलेल्या वजनावरून कार्बन काढायचा.

स्वतःचे नमुने नसतील त्या देशांसाठी आयपीसीसीने २०१३ साली पाणथळ जागांची पुरवणी काढली. तिच्यातले ठोकळ आकडे : मातीच्या वरच्या एका मीटरमध्ये हेक्टरी सरासरी ३८६ टन कार्बन खारफुटीत, २५५ भरतीच्या खाऱ्या दलदलीत, १०८ समुद्री गवतात. खारफुटीची जमीन बांध घालून कोरडी केली की दर वर्षी हेक्टरी ७.९ टन कार्बन निघून जातो. कार्बन डायऑक्साइडमध्ये बोलायचं तर सुमारे २९ टन. आणि तीच जमीन पुन्हा भिजवून खारफुटी आणली तर माती वर्षाला १.६२ टन कार्बन साठवते, म्हणजे साधारण ६ टन वायू. एक हेक्टर मोडलंत तर त्याची भरपाई करायला पाचेक हेक्टर उभे करावे लागतील, तेही ते जगले तर. तुमची दोन रोपटी लावाच, पण उभी खारफुटी मोडतेय की नाही ते ज्या रकान्यात दिसतं तो रकाना भरल्याशिवाय हे कळणार कसं?

आणखी एक. ही पुरवणी वापरणं देशांना बंधनकारक नाही. २०१८ साली काटोविसच्या हवामान परिषदेत अहवालांचे नियम ठरले तेव्हा २००६ ची मूळ मार्गदर्शिका सक्तीची केली, पुरवणीबाबत मात्र नुसतं ‘प्रोत्साहन’ दिलं.

---

अर्धविराम

चिखलपाय, जबरदस्त प्रतिसाद. खारफुटी तर जंगलात धरतात ना पण? मग ती समुद्राच्या खात्यात दोनदा येणार नाही का?

---

चिखलपाय

नाही, उलट ती गायब होते. झाडांची उंची आणि सावली देशाच्या ‘जंगल’ व्याख्येत बसली की ती वनभूमीत जाते, पाणथळ तक्त्यात आयई. इथवर ठीक. पण वनखात्याचं गणित झाडाच्या खोडाभोवती फिरतं. खारफुटीचा बराचसा कार्बन खोडात नसतो, चिखलात असतो. वनभूमीत गेली की झाडं मोजली जातात आणि चिखलाला साध्या जंगलातल्या मातीसारखं वागवलं जाण्याचा धोका असतो. आयई वाचून आपण तिकडे जातो आणि तिकडे निम्मंच सापडतं.

गवताला तर तेही नशीब नाही. ना झाड, ना जमीन. वनखातं म्हणतं मत्स्यखात्याचं, मत्स्यखातं म्हणतं बंदरखात्याचं.

---

कलम_कसाई

वकिली नजरेने थोडं. अहवालाचे नियम वाचताना क्रियापदं बघायची सवय लावा, बाकी मजकूर मागाहून. पॅरिस कराराच्या तेराव्या कलमात उत्सर्जनाची सूची आणि स्वतः ठरवलेल्या लक्ष्याकडे झालेली वाटचाल, या दोन गोष्टी देशांनी दिल्याच पाहिजेत. हवामानबदलाचे परिणाम आणि अनुकूलन (म्हणजे त्यांच्याशी जुळवून घेणं) याची माहिती द्यावी. आणि हानी-नुकसानीची माहिती, नियमावलीनुसार, देता येईल. पाहिजेत, द्यावी, येईल. तीन पायऱ्या.

आता समुद्राच्या बाबतीत घडतंय काय ते मांडा. पाणी तापणं, आम्ल होणं, पातळी चढणं, प्रवाळ पांढरे पडणं, मासे थंड पाण्याकडे सरकणं. यातलं बहुतेक सगळं दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर पडतं. पहिल्या पायरीवर उरतो तो किनाऱ्यालगतचा चिखल आणि देशांतर्गत बोटी. समुद्राला कुणी मुद्दाम वगळलेलं नाही, तो क्रियापदांच्या उतारावरून घरंगळत गेलाय.

पण एक बदल झालाय. २१ मे २०२४ ला आंतरराष्ट्रीय समुद्र कायदा न्यायाधिकरणाने सल्लामत दिलं : माणसाने सोडलेले हरितगृह वायू हे समुद्र कायद्याच्या अर्थाने सागरी पर्यावरणाचं प्रदूषण ठरतात, आणि ते रोखायला सगळे आवश्यक उपाय करणं हे देशांचं कर्तव्य आहे. मत मागितलं होतं छोट्या बेट-राष्ट्रांच्या आयोगाने. २३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही हवामानाबाबत देशांच्या कर्तव्यांवर आपलं मत दिलं. सल्लामत बंधनकारक नसतं, पण उद्या कुणी कोर्टात विचारलं की ‘तुमच्या देशाने समुद्रासाठी काय केलं’, तर पुरावा म्हणून पहिला कागद कोणता काढतील? बीटीआर. आणि त्यात एनओ लिहिलेलं असेल तर ते वाचायला मला फार आवडेल.

---

खतावणी

@कलम_कसाई, क्रियापदांचा उतार! हे मी बैठकीत वापरणार, नाव न सांगता.

@शंकासुर, तुमच्या कागदी घोड्यांवर एक उदाहरण. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे म्हणून जागतिक वारसास्थळ आहे, समुद्री गवताचं जगातलं एक मोठं कुरण. २०१०-११ च्या सागरी उष्णतेच्या लाटेत तिथलं सुमारे ३६ टक्के गवत बाधित झालं. नंतरच्या अभ्यासात अंदाज आला की त्यातून २० ते ९० लाख टन कार्बन डायऑक्साइड सुटला असावा. खालचा आणि वरचा आकडा यांत साडेचारपट अंतर, म्हणजे आपलं मोजमाप अजून कुठे आहे ते बघा. आणि तेही ज्या देशाच्या सूचीत किनारी पाणथळींचं काम बऱ्यापैकी झालेलं आहे तिथे.

आता हा वायू कुणाच्या नावावर? पुरवणीत गवताच्या बाबतीत माणसाच्या ठरावीक कृती दिल्या आहेत : उपसा, मत्स्यशेती, पुनर्लागवड. उष्णतेची लाट त्या यादीत नाही. ड्रेजरने उपटलेलं गवत देशाचं, तापून मेलेलं कुणाचंच नाही. ड्रेजर तरी दिसतो. तापलेलं पाणी सगळ्यांनी मिळून तापवलंय, त्यामुळे बिल कुणाकडेच जात नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण निदान अनुकूलनाच्या प्रकरणात क्षेत्रफळासकट लिहा, एवढं तरी मागता येतं.

---

शंकासुर

उदाहरण चांगलं आहे. तरी मी शंका हे आडनाव सोडणार नाही.

---

प्रयोगी

समुद्रात लोह टाकून शैवाल वाढवायचे, ते मेले की कार्बन तळाला. किंवा पाण्यात क्षार मिसळून त्याची शोषणक्षमता वाढवायची. हे केलं तर माणसाची करणी झाली की! मग खतावणीताईंच्याच नियमाने जमा धरायला हरकत नसावी?

---

चिखलपाय

तर्क बरोबर, मोजणी कच्ची. २००९ मध्ये दक्षिण महासागरात लोहाफेक्स नावाचा मोठा प्रयोग झाला. लोह टाकलं, शैवाल वाढलेही, पण त्या पाण्यात सिलिका कमी असल्यामुळे जड कवचाचे डायटम वाढले नाहीत आणि उरलेल्यांना इवल्या प्लवकांनी चरून टाकलं. खोलवर गेलेला कार्बन नगण्य. राष्ट्रीय सूचीसाठी याची मान्य पद्धत नाही. समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्यावर बंधनं घालणाऱ्या लंडन प्रोटोकॉलमध्ये २०१३ ला अशा प्रयोगांवर नियंत्रणाची दुरुस्ती मंजूर झाली, ती अजून लागू झालेली नाही. आयपीसीसीने कार्बन काढून घेण्याच्या तंत्रांवर पद्धतींचा अहवाल सध्याच्या अहवालफेरीत हाती घेतलाय, तोवर धीर धरा.

समुद्राच्या तळाखाली पुरलेला कार्बन मात्र हिशेबात येतो बरं का. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६ पासून वर्षाला सुमारे दहा लाख टनांपर्यंत कार्बन डायऑक्साइड तळाखालच्या वाळूखडकात सोडत आलेत. २००६ च्या मार्गदर्शिकेत त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे.

---

जुना_चीफ

म्हणजे वरच्या तेलफलाटावर जळणारी ज्योत देशाच्या खात्यात, तळाखालचा साठा देशाच्या खात्यात, आणि मधलं सुमारे पावणेतीनशे फूट पाणी बेवारस. इंजिनरूममधून जग असंच दिसायचं.

---

ओहोटी

मग देश जी नवी लक्ष्यं ठरवताहेत त्यांत समुद्र येतो का? कुठेतरी ‘निळी’ एनडीसी (एनडीसी म्हणजे देशाने स्वतः ठरवलेलं हवामान-लक्ष्य ना?) असं वाचलं होतं.

---

खतावणी

येतो, आणि पूर्वीपेक्षा बराच येतो. थोडक्यात क्रम असा. २०१९ मध्ये आयपीसीसीचा समुद्र आणि हिमावरणाचा विशेष अहवाल आला. त्याच वर्षीच्या माद्रिद परिषदेला ‘निळी परिषद’ म्हणून गाजवलं. २०२१ ला ग्लासगोत समुद्र-हवामान संवाद दरवर्षी घ्यायचं ठरलं. २०२३ ला दुबईत पहिला जागतिक लेखाजोखा झाला, त्यात देशांना सागरी आणि किनारी परिसंस्था राखण्याचं, समुद्राधारित उपाय वाढवण्याचं आवाहन आहे. आवाहनच. कलम_कसाई क्रियापद टिपून ठेवतीलच. जून २०२५ मध्ये नीसच्या समुद्र परिषदेत ब्राझील आणि फ्रान्सने पुढाकार घेऊन देशांनी आपल्या लक्ष्यांत समुद्र घालावा म्हणून ‘निळी एनडीसी’ची हाक दिली.

माझं आवडतं उदाहरण सेशेल्सचं. जमीन साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास, समुद्र तेरा लाखांहून जास्त. २०२१ च्या लक्ष्यात त्यांनी लिहिलं : २०२५ पर्यंत निम्मं, २०३० पर्यंत सगळंच समुद्री गवत आणि खारफुटी संरक्षित करू. आवडतं यासाठी की ते तपासता येतं. क्षेत्रफळ, टक्का, वर्ष. ‘समुद्राचं महत्त्व आम्ही जाणतो’ छाप वाक्यांचं काय करायचं? ती पुढच्या अहवालात ‘अजूनही जाणतो’ म्हणून परत येतात. ज्या लक्ष्याला मोजायचं माप नाही, त्याची वाटचाल बीटीआरच्या तक्त्यात भरताच येत नाही. तक्ता मापच विचारतो.

---

अर्धविराम

आणि आम्लता? ती कोण मोजतं, कुठे लिहितात?

---

चिखलपाय

औद्योगिक काळापूर्वी पृष्ठभागाच्या पाण्याचा सरासरी सामू ८.२ च्या आसपास होता, आता ८.१. दशांशाचा फरक दिसायला बारीक, पण मोजपट्टी लॉगची आहे, प्रत्यक्षात आम्लता पंचवीस ते तीस टक्के वाढलीय.

लिहितात कुठे हाच तर गोंधळ. सामूची नोंद शाश्वत विकास लक्ष्याच्या १४.३.१ या निर्देशकाखाली युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाकडे जाते. संरक्षित समुद्राचा टक्का जैवविविधता कराराकडे. मासळीचे आकडे अन्न आणि शेती संघटनेकडे. जहाजांचं तेल आयएमओकडे. एकाच देशातली चार खाती एकाच पाण्याचे चार अहवाल चार दारांत टाकून येतात, आणि हवामान अहवाल लिहिणारीला त्यातला एकही मिळत नाही. खरं की नाही, खतावणी?

---

खतावणी

अगदी. आम्लतेचा आकडा मला एकदा त्याच देशाच्या दुसऱ्या अहवालातून उतरवून घ्यावा लागला. तो ज्यांनी दिला ते माझ्या वरच्या मजल्यावर बसत होते.

निरीक्षणांसाठी जागा आहे, पण ती सवडीची. राष्ट्रीय निवेदन चार वर्षांतून एकदा जातं, त्यात संशोधन आणि पद्धतशीर निरीक्षण असं प्रकरण असतं. तिथे आर्गोचे तरंगते यंत्रमानव लिहिता येतात. जगभर चारेक हजार आहेत. एक हजार मीटरवर वाहत राहायचं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर यायचं, तापमान आणि क्षारता उपग्रहाला सांगायची, पुन्हा खाली. समुद्राच्या पोटातल्या उष्णतेबद्दल आपण आज जे छातीठोकपणे बोलतो ते बरंचसं यांच्या जिवावर.

---

जुना_चीफ

एकदा असं एक यंत्र आमच्या जहाजावरून सोडलं होतं. खोक्यासकट दोरीने अलगद पाण्यात उतरवलं. पुठ्ठा पाण्यात विरघळला आणि ते निघालं आपल्या वाटेला. पोरांनी हात केले त्याला.

---

ओहोटी

@खतावणी, त्या रकान्याचं काय झालं ते राहिलंच. एनओ की एनई?

---

खतावणी

एनई. तीन दिवस निरोपानिरोपी चालली. शेवटी मी उपग्रहाचं छायाचित्र छापून टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, हे एनओ असेल तर यावर तुम्ही सही करा. कुणी केली नाही. खालच्या टिपणाच्या चौकटीत दोन ओळी घातल्या : गवत आहे, उपसा झालेला आहे, क्षेत्रफळ उपलब्ध नसल्याने अंदाज केलेला नाही.

मग तज्ज्ञांची तपासणी झाली. हे लोक शेरे मारत नाहीत, प्रश्न विचारतात. त्या ओळीवर आलेला प्रश्न : “क्षेत्रफळ कधीपर्यंत मिळेल?” ज्यांना एनई नको होतं त्यांनीच मग नकाशांसाठी पत्रं लिहिली. पुढच्या अहवालाची मुदत ३१ डिसेंबर २०२६.

नकाशे आले आहेत. एक बंदरखात्याचा, एक मत्स्यखात्याचा. दोन्हींत गवताच्या क्षेत्रफळात जवळपास दुपटीचा फरक आहे.

---

चिखलपाय

बंदरखात्याचा लहान असणार.

---

खतावणी

नाही ना! त्यांचाच मोठा आहे. त्यांनी शेवाळलेला खडकही गवतात धरलाय असं वाटतं. तुमच्याकडे प्रत्यक्ष बुडी मारून तपासलेल्या जागांची यादी कशी करतात त्याचा नमुना आहे का? व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघा.

---

चिखलपाय

पाहिला. आज रात्री पाठवतो. दोन्ही नकाशांचं मूळ छायाचित्र कोणत्या महिन्याचं आहे तेवढं आधी विचारून घ्या, काही ठिकाणी गवत ऋतूप्रमाणे झडतं.